ओटला

कंपनीचं नाव ओटला.
विजयनगरात पाचवा मजला, खाली मोमोवाला,
आणि भिंतीवर पिवळ्या अक्षरांत:
इथून कुणाला उठवत नाहीत.

मोठ्या ठिकाणांहून उठवलेले सगळे आमच्याकडे येतात.
मधुमेह तीन दिवसांत घालवणारा वैद्य,
चंद्र खोटा आहे म्हणणारा निवृत्त ओव्हरसियर,
आणि पाठीवरचे वळ मोजून दाखवणारी एक बाई.
तिकडे तिला काढलं होतं,
कातडी फार दिसते म्हणून.

माझी रात्रपाळी, अकरा ते सात.
एका व्हिडिओला चाळीस सेकंद.
दोन बटणं: राहू दे. काढ.
भिंतीवर काहीही लिहिलेलं असो.

रामबागेत आमच्यासमोर दिघ्यांचा ओटला होता,
काळ्या फरशीचा, एका कोपऱ्यात फुटलेला.
संध्याकाळी तिथे मिलमधून सुटलेले, पोस्टातले,
बिनकामाचे, आणि सगळ्यांच्या वरताण टेंबेमास्तर.
बोलणं वांग्याच्या भावावरून निघायचं,
सरकारवर जायचं, तिथून कुणाच्यातरी सुनेवर.
सुनेवर आलं की मालनकाकू आतून बादली घेऊन यायची.
'उठा, ओटला धुवायचाय.'
एवढंच. कुणाला वेगळं काही म्हणाली नाही कधी.
मास्तर चपला हातात घेऊन उठायचे, वाक्य अर्धं,
पाणी गटारापर्यंत जायचं.
तासाभरात फरशी वाळायची, की परत सगळे.

कचरा न्यायला येणारी कलाबाई
फरशी वाळल्यावरही खालीच उभी असायची.
तिला तिथून कुणी उठवलं नव्हतं.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
पडद्यावर एक माणूस आला.
इस्त्रीचा कुडता, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज गोड.
शिवी नाही. नाव नाही.
फक्त 'ती लोकं', 'त्यांची दुकानं',
'आपण समजूतदार आहोत, पण किती दिवस'.
नियमांच्या यादीवरून बोट फिरवलं, अठराच्या अठरा.
एकातही बसेना.
वीस हजार जणांनी पाहिला होता.
राहू दे.

लगेच त्याच्या मागे एक पोरगा,
नाल्याच्या काठानं चाललेला, मोबाईल हलतोय,
'हे बघा, हिरवं कापड लावलंय. आता कापडामागे बघा'
आणि पाय घसरतो,
आणि तो जी शिवी देतो ती
नियम क्रमांक चार.
तक्रारी दोनशे चौदा, सगळ्यांत एकच वाक्य:
शहराची बदनामी.
पाहणारे सदतीस.

मी तीनदा पाहिला.
घसरल्यावर तो हसतो.
शेवटी नुसता चिखल दिसतो
आणि चिखलात त्याची सुटलेली एक चप्पल, निळ्या पट्ट्याची.

शेजारून लोकेंद्र म्हणाला,
'भिया, सोचो मत. गिनती गिर रही है.'

विचार कुठे करत होतो.
मी बादली शोधत होतो.
तासभर पुरेल असं काहीतरी,
ज्यानं उठावं लागतं
आणि वाळल्यावर परत येऊन बसता येतं.
टेबलावर माउस होता, थंड चहा होता,
'काढ' होतं. काढ म्हणजे फरशीच उपटणं.

काढलं. कारण: चार.

सातला सुटलो. पोहे न खाताच
घराची वाट सोडून नाल्याकडे गेलो.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वळणावरून गेली.
हिरवं कापड होतं. कोपऱ्यातून एका खिळ्याला लोंबत होतं.
मी ते बाजूला केलं, पाहिलं,
आणि तीच शिवी
मोठ्यांदा दिली, त्या पोराच्याच हेलात.

समोरच्या दारात एक बाई ओटला धूत होती.
तिनं वर पाहिलं.
बादलीच्या कडीवरचा हात
तसाच ठेवला.